मे महिना, पंपावरचं पेट्रोल आणि जिप्सीचं कॉम्प्रेशन

इंजिनाचा खडखडाट, म्हणजे नॉकिंग, घालवायला कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, तो आकडा) कमी करायचं हे काम मारुती जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनावर केलं. ८ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर. नॉक सेन्सर नाही, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) नाही. नॉकिंग सुरू झालं तर टायमिंग (ठिणगीची वेळ) आपोआप मागं घेणारं काहीच नाही. तक्रार ऋतूची होती. थंडीत गाडी गुमान चालायची. एप्रिल लागला की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पाय दाबल्यावर पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज, आणि तुळजापूरच्या घाटात तर सुटकाच नाही. यावर सोलापुरात मिळणारा सल्ला ठरलेला: ‘कॉम्प्रेशन जास्त झालंय, डबल पॅकिंग टाका,’ म्हणजे हेड आणि ब्लॉकमध्ये एकाऐवजी दोन पॅकिंग (गॅस्केट). त्यातला पहिला भाग मोजल्यावर खरा निघाला. दुसरा ऐकला असता तर पैसे जाऊन आवाज तसाच राहिला असता.

ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून चेंबरभर पसरत जाते. कडेला राहिलेलं शेवटचं मिश्रण तेवढ्यात दाबलं आणि तापवलं जातं, आणि ज्वाला पोचायच्या आत ते सगळं एकदम पेटलं की डेटोनेशन. दाबाच्या लाटा बोअरमध्ये आडव्या आपटतात. ७४ मिमी बोअरला त्यांची कंपनं सेकंदाला सात हजारांच्या आसपास असतात, तोच तो खणखणीत आवाज. ठिणगीच्या आधीच लाल झालेल्या कार्बनवर किंवा फार गरम प्लगवर मिश्रण पेटणं हा वेगळा आजार. त्याला कधी कधी आवाजही नसतो आणि पिस्टनला थेट भोक पडतं. पहिला आजार अंगावर काढला की चेंबर तापून दुसरा मागोमाग येतो.

उघडण्याआधी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजनं मोजला. चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो. अनेक गॅरेजमध्ये तसाच घेतात. चार सिलिंडरला १४.२ ते १५.६ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) आले आणि सगळ्यात जास्त आकडा तीन नंबरला होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, म्हणजे हवेचा दाब इथं मुळातच सुमारे ५ टक्के कमी. तरी एवढा आकडा येतोय, तर आत काहीतरी भरलंय किंवा घासलंय हे उघड होतं.

हेड काढल्यावर दोन्ही दिसलं. चेंबरमध्ये आणि पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर, तीन नंबरच्या पिस्टनची वरच्या रिंगखालची पट्टी तडकलेली, आणि एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनच्या कडेवर बारीक खड्डे. टाचणीनं टोचल्यासारखे हे खड्डे डेटोनेशनची सही असतात. त्याच सिलिंडरच्या प्लगच्या चिनीमातीवर भिंग लावलं तर चमकणारे राखाडी ठिपके होते. ते पिस्टनचंच अॅल्युमिनियम. हेडच्या फेसवर दोन वेगवेगळ्या वेळच्या सरफेसिंगच्या खुणा होत्या. इंजिन तापून पॅकिंग गेलं की हेड घासून आणायचं, आणि किती घासलं ते कुठं लिहून ठेवायचं नाही, अशी ही पद्धत आहे.

यानंतरचा सगळा वेळ मोजण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला. लागतं ते फार नाही: ५० मिलीचं ब्युरेट (शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात मिळतं), ६ मिमी जाडीचा अॅक्रिलिकचा तुकडा, त्याला कडेजवळ ६ मिमीचं एक भोक, थोडं ग्रीस, आणि रंग दिसावा म्हणून टू-टी ऑइल मिसळलेलं डिझेल. व्हॉल्व्ह बसवून त्यांच्या सीटला ग्रीसचं बोट फिरवायचं, जो प्लग वापरणार तोच घट्ट करायचा, फेसवर ग्रीस लावून अॅक्रिलिक दाबायचं. हेड किंचित तिरकं ठेवलं आणि भोक सगळ्यात उंच आलं की बुडबुडा आपोआप तिथून निघतो. बुडबुडा राहिला तर अर्धा-पाऊण सीसी तिथंच चुकतो. प्रत्येक चेंबर दोनदा भरायचं. दोन मापांत ०.२ सीसीहून जास्त फरक आला तर कुठंतरी गळतंय.

कार्बन काढल्यावर चार चेंबर २९.४, २९.०, २८.६ आणि २९.१ सीसी भरले. सगळ्यात लहान २८.६, तीन नंबर.

पिस्टनचा खळगा मोजायला पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी) आणून ब्लॉकच्या फेसपासून डायल गेजनं बरोबर १० मिमी खाली नेला. कडेला ग्रीसचं बारीक वेटोळं, वर तेच अॅक्रिलिक. ७४ मिमी बोअरमध्ये १० मिमी उंचीचा सरळ सिलिंडर ४३.० सीसीचा होतो, भरले ४४.६. म्हणजे व्हॉल्व्हच्या खाचा आणि वरच्या रिंगपर्यंतची फट मिळून १.६. टीडीसीला पिस्टन फेसच्या ०.४० मिमी खाली राहत होता, त्याचे १.७२ सीसी. पॅकिंगची जाडी जुन्या, दाबल्या गेलेल्या पॅकिंगवर फायर रिंगजवळ (भोकाभोवतीच्या धातूच्या कड्याजवळ) मायक्रोमीटरनं घेतली: १.०५ मिमी. नव्या, न दाबलेल्या पॅकिंगची जाडी इथं चालत नाही. पॅकिंगचं भोक ७६ मिमी, म्हणून ४.७६ सीसी. हिशेब बोअरच्या मापानं केला तर जागा पाव मिलीनं कमी भरते, आणि रेशो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

आता बेरीज. स्ट्रोक ७५.५, बोअर ७४, एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. तीन नंबरची वरची जागा २८.६ + ४.७६ + १.७२ + १.६ = ३६.६८. रेशो ९.८५. एक नंबरचा ९.६६. एकाच इंजिनात इतका फरक. डिस्ट्रिब्युटर मात्र चौघांना एकच टायमिंग देतो, त्यामुळे बाकीचे तीन कितीही शहाणे असले तरी पूर्ण इंजिनाची मर्यादा तीन नंबर ठरवणार. त्यात कार्बनचे साधारण १.२ सीसी धरले तर गाडी आली तेव्हा तीन नंबर १०.१५ वर चालत होता. शिवाय कार्बन उष्णता धरून ठेवतो ते वेगळंच.

डबल पॅकिंगचा हिशेबही कागदावर मांडून पाहिला. २९ सीसीच्या चेंबरला दोन पॅकिंग टाकली तर रेशो ८.७५ च्या आसपास येतो. ऐकायला छान. पण पिस्टनची सपाट कड आणि हेडची सपाट कड यांच्यातलं अंतर आधीच १.४५ मिमी होतं (०.४० अधिक १.०५), ते २.५० होतं. या कडेला स्क्विश म्हणतात. अंतर १ मिमीच्या आसपास असलं की पिस्टन वर येताना कडेचं मिश्रण पिचकारीसारखं मधे फेकलं जातं, ज्वाला वेगानं पसरते, आणि उरलेला पातळ थर दोन्हीकडच्या थंड धातूला चिकटून गार राहतो. नॉकिंग जिथं सुरू होतं ती जागाच यानं मोडीत निघते. अंतर दीडच्या पुढं गेलं की हा फायदा जवळजवळ संपतो, आणि अडीच मिमीच्या फटीत तापलेलं मिश्रण निवांत बसून राहतं. रेशो कमी करूनही गाडी खडखडते, मग टायमिंग मागं घ्यावं लागतं, मग पिकअप जातो, सायलेन्सर तापतो, अॅव्हरेज पडतं. दुसरीकडे ०.८ च्या खालीही जायचं नाही. जास्त आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणतो, पिस्टन डोलतो आणि हेडला टेकतो.

म्हणून जागा वाढवायची ती चेंबरमध्ये आणि पिस्टनच्या मध्यभागी, कडेला मात्र कमी करायची. इंजिनाला बोअर मारावाच लागणार होता. ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन घेतले, बोअर ७४.५, एका सिलिंडरचे ३२९.१ सीसी. बोअर वाढला की रेशोही वाढतो, हे बोअर मारून नुसती रिंग-पिस्टन टाकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लक्ष्य ९.२ ठेवलं, त्याला वरची जागा ४०.१ सीसी हवी.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलला ९५ रॉन (ऑक्टेनचं एक माप; जितकं जास्त तितकं पेट्रोल नॉकिंग सहन करतं) सांगतात. त्याआधी ते ९१ होतं, आणि बीएस-२ (भारत स्टेज-२ प्रदूषण नियम) च्या काळात ८८. ९५ वर चांगल्या स्क्विशसह साडेनऊही निभावलं असतं. पण सेन्सर नसलेलं इंजिन, भरलेली गाडी, घाट आणि सोलापूरचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा धरला तर ०.३ मागं राहिलेलं बरं. बॉनेटखालून ओढलेली हवा २५ ऐवजी ४५ अंशांची असली तर ९.२ पट दाबल्यावर तो २० अंशांचा फरक साधारण ४० होतो. त्यात मे महिन्याची इथली हवा कोरडी. हवेतली वाफ नॉकिंग थोडं दाबून धरते, तीही मदत नाही. उंचीमुळे मिळणारी थोडी सवलत या दोघांत संपून जाते.

अमेरिकन लेख वाचून रेशो ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडच्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन (ऑक्टेनचं दुसरं, जास्त कडक चाचणीचं माप) यांची सरासरी असतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६ रॉन, त्यांचं ८७ म्हणजे आपलं ९१-९२. तो आकडा जसाच्या तसा इथं लावला तर सगळा हिशेब चुकतो.

ब्लॉकच्या फेसवरून ०.३५ मिमी उतरवलं. हा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. दोन धातू एकत्र कापताना टूल बोथट असेल तर लायनरच्या कडेला पायरी राहते आणि पॅकिंग तिथूनच फुंकतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं अशी कामं करणारी मशीन आहेत, पण ‘एक कट हलका मारा’ एवढं सांगून निघून येऊ नये. चार कोपऱ्यांची मापं कागदावर लिहून द्यावीत. टीडीसीला पिस्टन आता फेसच्या ०.०५ खाली, म्हणजे स्क्विश १.१०.

पिस्टनच्या डोक्यावर चेंबरच्या तोंडासमोर ४४ मिमी व्यासाचा, १.६ मिमी खोल खळगा मिलिंगवर काढला. त्याचे २.४३ सीसी. आधी आतून डोक्याची जाडी मोजली. खळग्यानंतर ५ मिमी तरी उरली पाहिजे. तेवढी उरत नसेल तर हा नाद सोडावा आणि सगळी जागा चेंबरमध्येच शोधावी. खळगा स्क्विशच्या कडेत शिरू द्यायचा नाही. प्रत्येक पिस्टन साडेसहा ग्रॅमच्या आसपास हलका झाला. चौघांची वजनं एका ग्रॅमच्या आत आणली.

उरलेले दोन-सव्वादोन सीसी चेंबरमधून काढले. डाय ग्राइंडरला कार्बाइड बर, मग ८० आणि १२० नंबरचे रोल. आधी व्हॉल्व्हभोवतीच्या भिंती थोड्या मोकळ्या केल्या, मग प्लगजवळची उंच कड उतरवली. जुने व्हॉल्व्ह बसवून काम करायचं म्हणजे सीट खराब होत नाहीत. दर थोड्या वेळानं ब्युरेट. तीन नंबरला अडीच सीसी निघाले, एक नंबरला १.७. शेवटी चारही चेंबर ३१.१ ला ०.१ च्या फरकात आली. बर फिरवताना राहिलेली प्रत्येक तीक्ष्ण धार हातानं मोडली, पिस्टनच्या खाचांच्या कडाही. धार पातळ असते, थंड होत नाही, लाल होते. याच कारणासाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड १ मिमीपेक्षा पातळ असेल तर तो बदलायचा. लॅपिंग करून (पेस्टनं सीटवर घासून) चालवायचा नाही. व्हॉल्व्हची रबर सील नवीन टाकली. चेंबरमध्ये ऑइल गेलं की पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं, आणि धूर न दिसताही एवढं ऑइल जाऊ शकतं.

अंतिम बेरीज: ३१.१ + ४.०३ + ४.७६ + ०.२२ = ४०.११. रेशो ९.२, चारही सिलिंडरला.

हिशेबावर न थांबता जुळवणी करून पाहिली. पिस्टनच्या डोक्यावर, पिनच्या रेषेत दोन्ही कडांना १.६ मिमी सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवले, जुनं पॅकिंग ठेवून हेड पूर्ण टॉर्कला कसलं आणि क्रँक हातानं फिरवला. चपटी झालेली तार १.०८ ते १.१४ भरली. तार पिनच्या आडव्या बाजूला ठेवली तर पिस्टन कलतो आणि खोटं माप येतं. मग व्हॉल्व्हच्या खाचांत मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठेवून फिरवलं: इनलेटला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिमी मोकळीक असली की पुरे. ब्लॉक आणि हेड मिळून उंची कमी झाल्यानं टायमिंग बेल्टचा कॅम किंचित मागं पडतो, ०.३५ मिमीला क्रँकचा अर्धा-पाऊण अंश. एवढ्यासाठी काही करत बसलो नाही.

इंजिन सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन १३.२ ते १३.४ किलो, सगळीकडे सारखं.

डिस्ट्रिब्युटरकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत पाण्यात. पुलीवरची खूण प्लगच्या भोकातून पिस्टन-स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी तपासली. पुली मोजून अंशांच्या रेघा मारता येतात. व्यास १३० मिमी असेल तर १० अंश म्हणजे ११.३ मिमी. गाडी आली तेव्हा व्हॅक्युमची नळी काढून आयडलला टायमिंग टीडीसीच्या आधी १६ अंश होतं. कुणीतरी ‘पिकअपसाठी’ कानानं पुढं नेलेलं. शिवाय वजनांच्या स्प्रिंग ढिल्या पडल्यानं सगळा अॅडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी पडत जाणं) २,००० आरपीएमलाच पूर्ण होत होता, आणि घाटात गाडी नेमकी तिथंच चालते. स्प्रिंग बदलल्या, आयडलला ८ अंश ठेवले, ३,५०० ला एकूण ३० येतात हे टायमिंग लाइटनं पाहिलं.

कार्बोरेटरचा प्रश्न इथेनॉलचा आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. जेट जुनेच ठेवले तर इंजिन ८ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. ऑक्टेन वाढलं म्हणून खूश व्हावं तर दुसऱ्या हातानं लीन मिश्रण गरमी वाढवतं. जेटमधून ८ टक्के जास्त जायला व्यास ४ टक्के वाढला पाहिजे. ११० चा जेट असेल तर ११५ बसवावा. ड्रिल फिरवून जेट मोठा करायचा नाही, भोकाचा आकार बिघडतो. फ्लोटची पातळी आणि रबरी नळ्या त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

प्लग एनजीके बीपीआर ५ ईएस होते, बीपीआर ६ ईएस टाकले. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं. फिल्टरला हवा रेडिएटरच्या पुढून नळीनं आणली. थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता, तो परत बसवला. ‘सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला’ ही समजूत फार पक्की आहे, पण तो नसला की हेडमध्ये पाण्याचा दाब कमी पडतो आणि कोपऱ्यांत वाफेचे खिसे राहू शकतात. बोअरच्या जड पाण्याचा क्षार वॉटर जॅकेटमध्ये पांढरा जमला होता. तो धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरलं.

रस्त्यावरच्या चाचणीसाठी ८ मिमी तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून ब्लॉकच्या एका बोल्टखाली कसलं. दुसऱ्या टोकाला दोन मीटर रबरी नळी, ती यंत्रमागाच्या शेडमध्ये वापरतात तसल्या कानावरच्या मफमध्ये. बाहेरून कानाला येण्याच्या खूप आधी नॉकिंग यात ऐकू येतं. रिंग बसेपर्यंत गाडी नरम चालवली, मग मेच्या दुपारी तामलवाडीवरून तुळजापूरच्या घाटात, मागं माल भरून, चौथ्या गिअरला १,५०० आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल. ऐकायला दुसरा माणूस. चालवणाऱ्यानं मफ लावू नये. ८ अंशांवर आवाज शून्य. १० वरही शून्य. १२ वर २,००० ते २,३०० च्या दरम्यान तुटक खणखण सुरू झाली. तिथून ३ अंश मागं येऊन ९ वर डिस्ट्रिब्युटर कसला. ज्या अंशावर आवाज नुकताच थांबतो तिथंच ठेवणं लोकांना आवडतं, पण पुढं कार्बन थोडा तरी जमणारच आणि एखाद्या टाकीत पेट्रोल वाईटही मिळणार; ३ अंश त्यासाठी.

घाटमाथ्यावर भर लोडमध्येच किल्ली बंद करून, क्लच दाबून गाडी बाजूला घेतली आणि प्लग काढले. आयडलवर फिरवून काढलेला प्लग काही सांगत नाही. चारही चिनीमाती फिकट तपकिरी, भिंगाखाली ठिपके नाहीत.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरूनही पाहिलं. टायमिंग ९ वरच असेल तर फरक काही नाही. ऑक्टेन ताकद देत नाही, फक्त आणखी दाब किंवा आणखी अॅडव्हान्स सहन करतं. ते वसूल करायचं तर टायमिंग पुढं न्यावं लागेल, आणि मग साधं पेट्रोल भरायची चोरी. खेड्यापाड्यात फिरणाऱ्या गाडीला हा व्यवहार परवडत नाही.

जिप्सी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी आणि कार्बोरेटरचा बाऊल खालच्या स्क्रूनं रिकामा करावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलला घेऊन ते तळाशी वेगळं होतं. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन तेवढंच उतरतं, आणि त्यावर घाट चढला तर ३ अंशांची सोयही पुरत नाही. असं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं की तळाला दुसरा थर दिसतो. दिसला तर टाकी उपसायची.